घर शाकारायचे, गलबत शाकारायचे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणच्या किनाऱ्यावर वैशाख सरू लागला की दर्यावर्दी घरांत दोन छपरांची काळजी सुरू होत असे. एक छप्पर घराचे, दुसरे गलबताचे. घराचे नळे परतले जायचे, गवत बदलले जायचे. तिकडे खाडीच्या आत, भरतीची रेघ ओलांडून वर ओढलेल्या गलबतावर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे चढायची. दोन्ही कामांना आपल्या भाषेत शब्द एकच, शाकारणे. मिरगाच्या आत दोन्ही उरकलीच पाहिजेत. घराचे राहिले तर माणसे भिजायची. गलबताचे राहिले तर पावसाचे पाणी पोटात साचून लाकूड कुजायचे, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहायचा.

आज आपण बोलणार आहोत ते या गलबतावरच्या रोजच्या जगण्याबद्दल. समुद्राचा इतिहास म्हटला की आपल्याला आंग्रे आठवतात, सिद्दी आठवतो, पोर्तुगीज आणि इंग्रज आठवतात. ते योग्यच आहे. पण लढाई एका दिवसाची असते. उरलेले दिवस गलबत तरंगते ठेवावे लागते. भात शिजवावा लागतो, दोर वळावे लागतात, फाटलेले शीड शिवावे लागते आणि किनाऱ्यावर सोडून आलेल्या माणसांची आठवण सांभाळावी लागते. हा सगळा इतिहास तलवारीच्या इतिहासाइतकाच खरा आहे. तो फारसा लिहिला गेला नाही, कारण तो करणारे हात लिहिणारे नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या जहाजांची किती नावे होती बघा. मचवा, पडाव, फत्तेमारी, बतेला, शिबाड, गलबत. कोणी उथळ खाडीत शिरणारे, कोणी मलबारपर्यंत जाणारे, कोणी थेट अरबस्तान गाठणारे. त्यांवर काम करणारे कोळी, भंडारी, खारवी, गाबीत होते, तसे दालदी आणि इतर कोकणी मुसलमानही होते. हंगामाच्या सुरुवातीला दर्याला नारळ जायचा, नाळेला हळदकुंकू लागायचे, आणि त्याच गलबतावर कोणी फातिहा पढायचे. वादळाला धर्म नसतो हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

कवी म्हणून मला गलबतावरच्या शब्दांचे फार कौतुक वाटते. नाखवा हा शब्द फारसीतल्या नाखुदा या शब्दावरून आला. नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे धनी, जहाजाचा धनी तो नाखुदा. सुकाणू अरबी, बंदर फारसी. मोसम हा मूळ अरबी शब्द, आणि इंग्रजांचा मॉन्सूनही त्यातूनच निघाला. शीड, वल्हे, डोलकाठी हे आपले घरचे शब्द. एका डोलकाठीखाली इतक्या भाषा नांदत होत्या आणि कोणाचे काही अडत नव्हते. यातला एक शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो, तो म्हणजे नांगर. मराठीत शेतकरी जमिनीत घालतो तोही नांगर आणि खलाशी पाण्यात टाकतो तोही नांगर. कोकणातला माणूस दोन्ही वापरत असे. आठ महिने एक, चार महिने दुसरा.

आता गलबतावरचा दिवस कसा जात असे ते पाहू. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. परीक्षेपुरते ते लक्षात ठेवले आणि विसरलो. किनाऱ्याने जाणाऱ्या गलबताचे सगळे वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर चालायचे. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. त्याच्या जोरावर खाडीतून बाहेर पडायचे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. त्याच्या आधाराने पुढचे बंदर गाठायचे किंवा आडोशाला यायचे. त्यामुळे खलाशाची पहाट शेतकऱ्याच्याही आधी होई. अंधारातच नांगर उचलायचा आणि शीड चढवायचे.

शीड चढवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. या गलबतांचे शीड तिरके असते. ज्या आडव्या लांब काठीला ते बांधतात तिला परबाण म्हणतात. कधी कधी हे परबाण गलबताच्या लांबीशी स्पर्धा करते. ते वर चढवायला सगळे हात लागतात, आणि ते हात एकाच क्षणी ओढले गेले पाहिजेत. म्हणून गाणे. गलबतावरचे गाणे करमणुकीसाठी जन्मले नाही, ओढीचा ताल सांभाळण्यासाठी जन्मले. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ओढता ओढता तिला होकार द्यायचा. वारा बदलला आणि दिशा फिरवायची वेळ आली की हे सगळे अवजड ओझे डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावे लागे. भर वाऱ्यात ते करणे धोक्याचे. चांगला तांडेल कोण, तर ज्याच्यावर ही वेळ कमीत कमी येते तो, म्हणजे ज्याला वाऱ्याचा अंदाज आधी येतो तो.

स्वयंपाक उघड्यावरच. मातीने लिंपलेल्या लाकडी पेटीत चूल मांडलेली असे. लाकडी जहाजावर विस्तव बाळगायचा म्हणजे निखाऱ्यावर सतत नजर हवी. जेवण म्हणजे भात, आमटी, सुकी मासळी, आणि गळाला काही लागले तर ओली. गोडे पाणी पिंपात भरून घेतलेले, तेही मोजून वापरायचे. अंघोळ, भांडी, कपडे सगळे खाऱ्या पाण्यात. अंगावर मिठाचा थर बसायचा. झोपायला मालावरच जागा, म्हणजे कधी मिठाच्या पोत्यांवर, कधी नारळांवर, कधी मंगळुरी कौलांच्या चळतींशेजारी. शौचाला जाण्यासाठी मोठ्या गलबतांवर मागच्या बाजूला समुद्रावर टांगलेली लाकडी पेटी असे, लहानांवर तीही नसे. हे सांगायला संकोच वाटायचे कारण नाही. घराचा इतिहास सांगायचा तर मोरीचाही सांगावा लागतो.

आणि या सगळ्यात न संपणारे काम म्हणजे डागडुजी. लाकडाचे गलबत आणि समुद्र यांचे वैर कायमचे आहे. कितीही नीट बांधा, पाणी थोडे थोडे आत येतेच. ते उपसणे हे रोजचे काम, घरातल्या केरवाऱ्यासारखे. उन्हाने वरच्या फळ्या सुकून आकसतात, त्यांच्या सांध्यांत फटी पडतात. मग तेलात भिजवलेल्या कापसाची वात छिन्नीने ठोकून त्या फटी बुजवायच्या. काथ्याचा दोर घासून घासून विरतो, तो वेळीच बदलायचा. शिडाची शिवण उसवते, तेव्हा वारा पडलेल्या दुपारी सगळे मांडी घालून शीड शिवायला बसत. घरी सुई हातात न धरणारा पुरुष इथे दाभणाने सरळ टाके घालीत असे.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसायला किड्यासारखा, पण खरे तर शिंपल्याच्या जातीचा. तो लाकडात शिरतो तेव्हा त्याचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते. आत मात्र तो लांबच लांब बोगदे करतो. वरून फळी धडधाकट दिसते आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ झालेली असते. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे गलबत अधूनमधून खाडीच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्यात नेऊन ठेवणे, कारण गोड्या पाण्यात तो जीव फार काळ तगत नाही. दुसरा उपाय लेपाचा. उधाणाच्या भरतीला गलबत वाळूवर चढवायचे, ओहोटी लागून ते एका कुशीवर कलले की तळाला चिकटलेले शेवाळ आणि कालवे खरवडून काढायची, आणि चुना व चरबी एकत्र मळून त्याचा जाड लेप हातांनी द्यायचा. पुढची भरती यायच्या आत एक बाजू झाली पाहिजे. दुसऱ्या ओहोटीला दुसरी बाजू. पाण्याच्या वरच्या भागाला मासळीचे तेल. त्याचा वास असा, की खलाशी घरी येतो आहे हे दारात पाऊल पडण्याआधी कळावे!

या डागडुजीचे महत्त्व राज्यकर्त्यांनाही कळत होते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपण त्यातला झाडांविषयीचा भाग नेहमी उद्धृत करतो. आरमाराला लाकूड हवे असले तरी आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा तो प्रसिद्ध विचार. पण त्याच प्रकरणात पावसाळ्याच्या मुक्कामाचीही आज्ञा आहे. पावसाळ्याच्या आठ-पंधरा दिवस आधी, समुद्र खवळण्यापूर्वी, आरमार बंदरात आणून छावणी करावी, आणि दर वर्षी एकाच बंदरात ती करू नये, असे अमात्य सांगतात. मला या दुसऱ्या वाक्यात मोठे शहाणपण दिसते. शेकडो खलाशी चार महिने एका गावाजवळ राहिले की त्या गावावर भार पडतो. लाकूडफाटा, पाणी, धान्य सगळ्यावर ताण येतो. तो भार वाटला जावा, ही काळजी त्यामागे असावी. ज्या राज्याला तोफेइतकीच दोराची आणि झापाची चिंता होती, त्या राज्याचे आरमार टिकले यात नवल नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीच्या काठी खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही पाहायला मिळते. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीनंतर त्याच्या तळाचे काम करायचे, अशी ही जागा. किल्ला पाहायला शेकडो लोक जातात. गोदीकडे वाट वाकडी करणारे थोडे.

मुंबईची कथाही डागडुजीपासूनच सुरू होते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी कारागीर ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईत आले. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. तिच्यात जहाज घेऊन पाणी काढून टाकले की ओहोटीची वाट न पाहता दुरुस्ती करता येई. वाडियांनी पुढे इंग्रजांच्या नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यांतली १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरात आजही जपून ठेवलेली आहे. दोनशे वर्षे लाकूड टिकले यात सागाचा गुण आहेच, पण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ते बदलले, भरले, तेल लावून पुसले, याचाही वाटा तेवढाच आहे.

आता गलबतावरच्या घरच्या माणसांकडे वळू. जहाजावर कुटुंब राहते का? आपल्याकडे सहसा नाही. पण हिंदी महासागरात तेही दृश्य होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतला आला, तेव्हा तिथे चिनी जहाजे नांगरलेली होती. या मोरक्कोच्या प्रवाशाने त्यांचे मोठ्या आश्चर्याने वर्णन केले आहे. चार चार मजले, व्यापाऱ्यांसाठी कड्याकुलपांच्या खोल्या, आणि खलाशांची मुलेबाळे जहाजावरच राहणारी. लाकडी हौदांत माती भरून तिथे भाजीपाला आणि आले लावलेले! पाण्यावर तरंगणारे परसदारच ते. आपल्याकडच्या आणि येमेनच्या जहाजांबद्दल त्याने वेगळीच गोष्ट नोंदवली. ही जहाजे खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. खडकावर आदळली तर खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेले जहाज लवते, असे कारण तो देतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनी जहाज अक्षरशः शिवून काढले होते, गोधडीसारखे. आणि गोधडीसारखेच ते पुन्हा पुन्हा उसवून शिवावे लागत होते.

अगदी अलीकडच्या काळातले, तपशिलाने लिहिलेले एक वर्णन आपल्याला मिळते ते ॲलन व्हिलियर्स या ऑस्ट्रेलियन खलाशी-लेखकाचे. १९३८ च्या डिसेंबरात तो एडनजवळ ‘बयान’ नावाच्या कुवेती जहाजावर चढला. नाखुदा होता अली बिन नासर अल-नजदी. त्याच्याबरोबर तो आफ्रिकेच्या किनाऱ्याने मोंबासा, झांझिबार, रुफिजीच्या खाजणापर्यंत गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात मस्कत, बहारीन करीत कुवेतला पोहोचला. १९४० मध्ये ‘सन्स ऑफ सिंदबाद’ हे त्याचे पुस्तक आले. हे अरबांचे जहाज आपल्याला परके नाही. त्या काळी कुवेतची जहाजे मलबारच्या सागाने बांधली जात. बसऱ्याचा खजूर घेऊन ती मुंबईला आणि मलबारला येत, परतताना लाकूड आणि काथ्या नेत. आखातात चलन चालत होते ते आपल्या रुपयाचे.

व्हिलियर्स ज्या जहाजावर होता त्याच्या डेकवर अरबस्तानातून आफ्रिकेत नशीब काढायला निघालेले शंभराहून अधिक उतारू दाटीवाटीने बसलेले होते. बायका आणि मुले मागच्या अंगाला डेकखालच्या अंधाऱ्या खोलीत. त्याच गर्दीत जहाजाचा सुतार एक छोटी होडी बांधत होता. वाटेत विकली तर चार पैसे मिळतील, हा हिशेब. दोर वळणे, शीड शिवणे, नमाज, भात, गाणे असा दिवस जाई. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओहोटीला जहाज टेकवून तळ खरवडणे आणि चुना-चरबीचा लेप देणे हे कामही त्याने पाहिले. आपल्या मचव्याचे आणि त्यांच्या जहाजाचे औषध एकच होते.

पण एक फरक त्याच्या पुस्तकात मनाला लागतो. खलाशांना पगार नसे, हंगामाच्या शेवटी वाटा मिळे. घरी काही ठेवून निघायचे तर नाखुद्याकडून उचल घ्यायची. नाखुदा स्वतः व्यापाऱ्याच्या कर्जात. महिनोन्‌महिने समुद्रावर घालवून घरी आलेला खलाशी थोडेच दिवस घरात राही, कारण उन्हाळा हा आखातात मोती काढण्याचा हंगाम. उचल फेडायची तर तिकडे जायलाच हवे. त्यांच्या आणि आपल्या खलाशांच्या दारिद्र्यात फारसा फरक नव्हता, कर्जही दोन्हीकडे होते. मात्र आपल्या माणसाला एक गोष्ट मिळत होती ती त्यांना नव्हती. ती म्हणजे पावसाळा.

या चार महिन्यांकडे आपण नीट पाहिले पाहिजे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आपला किनारा बंद करून टाकतो. व्यापाऱ्याची कितीही घाई असो, सावकाराचा कितीही तगादा असो, गलबत बाहेर काढता येत नाही. निसर्गाने दिलेली ही सक्तीची सुट्टी होती. त्या सुट्टीत गलबत दुरुस्त व्हायचे आणि घरही दुरुस्त व्हायचे. घर म्हणजे फक्त छप्पर नव्हे. वर्षभरात न पाहिलेले मूल आता बापाला ओळखू लागायचे. आईवडिलांचे दुखणे कळायचे. ठरलेली पण अडलेली लग्ने पुढच्या उन्हाळ्यासाठी पक्की व्हायची. आणि त्याच दिवसांत भाताची लावणी. समुद्रातला नांगर वर आला की शेतातला खाली जायचा.

जहाजावरच्या भेटीही होत. गावच्या खाडीत माल भरायला गलबत लागले की घरून होडी निघायची. फडक्यात भाकरी, बरणीत लोणचे, कडेवर पोर. त्या पोराला डेकवर उचलून घ्यायचे, सुकाणूला हात लावू द्यायचा, खलाशांनी त्याच्याशी खेळायचे. भरती फिरेपर्यंतची ही भेट. मग होडी परत आणि गलबत पुढे. बाईने रडायचे नसे, निघणाऱ्या गलबतामागे रडणे अशुभ. हे जुन्या माणसांकडून ऐकलेले. त्या बाईच्या वाट्याला आठ महिने कसे येत याची नोंद कोणत्याही बंदराच्या वहीत नाही. सावकाराला तीच तोंड देई, शेतही तीच सांभाळी. गळणारे घर आणि गळणारे गलबत यांत एकच फरक होता. गलबत उपसायला दहाबारा हात असत, घर उपसायला दोन.

मग आगबोटी आल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वाफेच्या जहाजांची वर्दळ वाढली. कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने परदेशी आगबोटींवर जाऊ लागले. पगार ठरलेला, कागद पक्का. त्यात त्यांचे भले झाले हे नाकारता येणार नाही. किनाऱ्यावरची कितीतरी पक्की घरे त्या पगारावर उभी राहिली. पण आगबोटीला पावसाळा अडवत नाही. मिरग लागला म्हणून माणूस घरी येईनासा झाला. तो करार संपला की येऊ लागला. लोखंडी जहाजाची दुरुस्तीही त्याच्या हातून गेली. ती गोदीतल्या यंत्रांची आणि इंजिनियरची झाली. स्वातंत्र्यानंतर होड्यांना डिझेलची इंजिने बसू लागली. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या जहाजांसाठी वेगळा भाग होता, म्हणजे तोवर ती भरपूर होती. पुढच्या दोन-तीन दशकांत मालवाहू शीड आपल्या खाड्यांतून जवळजवळ दिसेनासे झाले. वाऱ्याची वाट पाहणे संपले, हे चांगलेच. पण वाट पाहायच्या दिवसांत जे घडत असे तेही संपले.

सगळेच संपले असे मात्र नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून साकारलेल्या मोहिमेत कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधी नौका बांधली जात असताना ते गोदीत राहून काम शिकत होते. भर समुद्रात कोणी सुतार भेटणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावे लागले. २०२४-२५ मध्ये याच नौकेवरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. शतकानुशतके जी खाडीच्या काठावर उभी राहून शीड दिसेनासे होईपर्यंत पाहत होती, ती आता शीड ओढत होती. आणि किनाऱ्यावर तिची वाट पाहणारे घर होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात पाण्यात उतरलेली ‘कौंडिण्य’ ही नौका तर काथ्याने शिवलेली आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून तिचे रूप घेतले आणि केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या शिवल्या गेल्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात कारवारला ती नौदलात दाखल झाली. डिसेंबर २०२५ मध्ये ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. इब्न बतूताने सांगितलेली ती विद्या. ती परत उभी करता आली, कारण ती जाणणारा एक तरी कारागीर उरला होता. तो नसता तर चित्र होते, समुद्र होता, काथ्या होता, आणि टाका कसा घालायचा हे सांगणारा कोणी नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या किनाऱ्यावर अशी ज्ञानी माणसे आता थोडी उरली आहेत. चुना आणि चरबी किती प्रमाणात मळायची, कोणत्या दिवसांत तोडलेले लाकूड कमी किडते, परबाण फिरवताना पहिली हाक कोणी द्यायची, हे ज्यांनी हातांनी केले आहे अशी माणसे ऐंशीच्या पुढे आहेत. ती ओसरीवर बसलेली असतात आणि आपण त्यांना विचारत नाही. विचारले तर मोठ्या वादळाची गोष्ट विचारतो. ती तर ती सांगतीलच. पण जमल्यास त्यांना साध्या दिवसाबद्दलही विचारा. दोर कसा वळत होता, फट कशी बुजवत होता, घरच्यांसाठी खाडीत होडी यायची तेव्हा काय बोलत होता. आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या म्हातारीलाही विचारा, की ते आठ महिने घर कसे तरंगत ठेवले.